हलू नका, वहिनी

भाऊजी,

तेरवी आटोपली, पाहुणे आपापल्या गाडीला लागले, आणि मी सौंसरची तुमची खोली आवरायला घेतली. माझं आवरणं तुम्हाला कधी रुचलं नाही. "वहिनी पांढुर्ण्याहून येऊन गेल्या की मला माझाच चष्मा सापडत नाही," असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आता चष्मा कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे, घड्याळ त्याच्या शेजारी, स्वेटर धुऊन, घडी करून खाली. मागायला कोणी येणार नाही, तरी जागा ठरवून ठेवल्या.

एक वस्तू मात्र आवरली नाही. स्टीलची ती पट्टी जेवणाच्या टेबलावर, तुमच्या ताटाच्या जागी ठेवली आणि काम पुरं होईपर्यंत तीच तिची जागा असं तुमच्या स्वातीला सांगितलं. ती म्हणाली, "मोठी आई, वरण सांडेल त्यावर." मी म्हटलं, "सांडू दे. स्टेनलेस आहे."

काल सकाळी ती टेबलावरून शेवटची उचलली. म्हणून आज लिहायला बसले आहे.

लिहिते तुम्हाला, पण वाचणार आहेत आपली नातवंडं. सगळी दूर, सगळी घाईत. तुम्ही गेल्यावर फोनवर त्यांनी विचारलं, "आजी, छोटे आजोबा नक्की काय बनवत होते?" त्यांच्या आईबापांनी सांगितलं होतं, "काहीतरी ऑपरेशनचं." काहीतरी या शब्दावर मी जन्मभर लाल शाईने रेघ मारत आले. तेव्हा एकदा नीट सांगते. चुकलं तर नेहमीसारखं मधेच तोडू नका.

गुडघ्याचा सांधा बदलताना नडगीच्या हाडाचा माथा करवतीने सपाट कापतात आणि त्यावर धातूचा नवा तळ बसवतात. गुडघ्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढली, तर तो काप त्या रेघेला काटकोनात यायला हवा. पण हाड असतं मांसाखाली आणि घोटा असतो कापडाखाली. म्हणून नडगीवर एक दांडी धरतात. तिचं खालचं टोक चिमट्याने घोट्याला पकडलेलं, वरच्या टोकाला करवतीचं पातं जाईल एवढी फट. दांडी सरळ, तर काप सरळ. चिमटा थोडा बाजूला सरकला, तर काप तिरका, आणि नवा गुडघा एका अंगाने झिजत जातो. नागपूरचे डॉक्टर त्याला गाईड म्हणायचे, तुम्ही जिग म्हणायचे, मी पट्टी. मुलांनो, एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

तुमच्या सुमनचा गुडघा असाच एका अंगाने झिजला. ऑपरेशननंतर पहिलं वर्ष ती बाजारातून चालत येऊन मला फोन करायची, "ताई, काठी माळ्यावर टाकली." मग काठी माळ्यावरून खाली आली आणि शेवटपर्यंत तिच्या हातात राहिली. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला, तेव्हा मी तिथे होते. काप तिरका होता, आपल्यालाही दिसत होता. मला पहिल्या डॉक्टरांचं नाव घेऊन भांडायचं होतं. तुम्ही एक्स-रेकडे बघत विचारलं, "घोट्याला पकडलं कशानं होतं?"

मला त्या क्षणी तुमचा राग आला होता. बायको काठी टेकून दाराशी उभी आणि नवरा चिमट्याची चौकशी करतो. पण तो प्रश्न तुम्ही पुढे कधी खाली ठेवला नाही. सुमन गेल्यावरही नाही.

तिच्या ऑपरेशनमधला चिमटा मोठ्या, जाड घोट्यांच्या मापाने घडवलेला होता. आमच्या बायकांचा घोटा एकतर काडीसारखा, नाहीतर सुजलेला. तुम्ही बोरगावच्या आपल्या वर्कशॉपमध्ये लेथसमोर उभे राहून, त्यात नळी पकडून धरणाऱ्या चकाकडे बोट दाखवलंत. "वहिनी, हे बघा. चावी फिरवली की याचे सगळे जबडे एकदम पुढे येतात. बारीक नळी द्या, जाड द्या, हा ती मधोमधच पकडणार. घोटा काय, नळीच तर आहे." सुमनची आठवण काढून रडायला तुम्हाला कधी जमलं नाही. तुम्ही तिच्या घोट्यासाठी चक बनवायला घेतलात.

आता तुमचं-माझं भांडण. ते अर्धं राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या चिमट्याचे दोन जबडे घोट्याच्या दोन हाडांच्या मधोमध यायचे. पण त्या दोन हाडांचा मध्य म्हणजे सांध्याचा मध्य नव्हे, तो किंचित आतल्या अंगाला असतो. किती आत, ती खूण पट्टीवर कोरायची होती. पुस्तकात आकडा होता, परक्या पायांचा. एक्स-रे नागपूरच्या डॉक्टरांनी दिले होते. पण चिमटा हाडावर बसत नाही, कातडीवर आणि शिरांवर बसतो, तेव्हा जिवंत पायांवर लावून पाहणं भाग होतं. तुम्ही म्हणालात, "बायकांचे पाय मोजायचे कुठे?" मी म्हटलं, "संक्रांत झाली. माझ्याकडे हळदीकुंकू आहे. पांढुर्ण्यातल्या अर्ध्या बायका येतील."

पहिला पाय माझा. मी खुर्चीत बसले, तुम्ही चिमटा घेऊन खाली वाकलात, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "असू द्या, असू द्या, सुखी राहा."

तुम्ही मान वर केली. "वहिनी, मी पाया पडून नाही राहिलो."

"सवय हो, भाऊजी."

"सवय असू द्या. पण हलू नका, वहिनी."

स्वाती हसून हसून भिंतीला टेकली. मग एकेक बाई हळदीकुंकू लावून, तिळगूळ घेऊन आतल्या खोलीत येऊ लागली. तुमच्याहून मोठ्या होत्या त्या आशीर्वाद द्यायच्या. लहान होत्या त्या दचकायच्या: "काका, पाप लागेल ना मले!" एकीने जोडवी लपवली, एकीने पदर पायावर ओढला. तुम्ही प्रत्येकीला तेच म्हणत होता, हलू नका. आणि त्या हलत नव्हत्या, दम धरून बसत होत्या. आकडे एकमेकांना इतके धरून आले की तुम्ही संध्याकाळी दोन वाट्या बासुंदी घेतलीत.

मग रामाकोना गाव. कापूस वेचून झाला होता, बायकांना फुरसत होती. समाजमंदिरात सतरंजी टाकून तुम्ही मोजायला बसलात आणि मी बायकांशी बोलत बाजूला. शेवंताबाईचं घर माझ्या ओळखीचं, तिच्या मुली माझ्या शाळेत होत्या. तिचा पाय तुमच्या हातात होता आणि ती माझ्याकडे बघून म्हणत होती, "अवो मास्तरीणबाई, एवढा मोठा इंजिनिअर माणूस माह्या पायापाशी बसून राहिला. माह्या नवऱ्यानं पाह्यलं तं उद्या तोही बसन काय?" सगळ्या हसल्या, तीही हसली. पण मी तिच्या तोंडाकडे नव्हे, पायाकडे पाहत होते. अंगठा वर उचललेला, घोट्यापुढची शीर दोरीसारखी ताठ. तोंड हसत होतं आणि पाय लाजत होता.

मी पुढच्या बाईचा पाय पाहिला. तीच शीर. तिच्या पुढचीचाही तसाच. आणि मला माझा पाय आठवला.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "भाऊजी, आपण पाय मोजला नाही. मागे घेतलेला पाय मोजला."

"कोणी मागे घेतला? मी सगळ्यांना हलू नका म्हटलं."

"हलल्या नाहीत. ताणून धरला. त्या शिरेनं तुमच्या चिमट्याचा पुढचा टेकू ढकलला. ऑपरेशनच्या टेबलावर बाई बधिर असते. बधिर पाय कोणाचा मान ठेवत नाही."

तुम्ही बाहेरच्या संत्र्याच्या बागांकडे तोंड केलंत. मग तुमच्या शिकवायच्या आवाजात म्हणालात, "वहिनी, मोजमापात असं होतंच. एकीचा इकडे चुकते, एकीचा तिकडे. सरासरीत सगळं निघून जाते."

"सगळ्या एकाच बाजूला चुकल्या आहेत. वर्गातल्या सगळ्या मुलांनी एकच चूक केली, तर मी तिला बरोबर उत्तर म्हणत नाही. कॉपी म्हणते."

"हा इंग्रजीचा पेपर नाही ना."

"पेपर कुठलाही असो."

सौंसर येईपर्यंत ड्रायव्हरने दोनदा आरशातून मागे पाहिलं.

मग तोड शोधायला मी बसले, कारण तुम्ही रुसला होता. पाय धरायचा कोणी, हाच प्रश्न. थोर माणूस चालत नाही, लहान माणूस चालत नाही. स्वातीला बसवलं, तर शेजारच्या चाची उठूनच उभ्या राहिल्या: "ना बाबा, बेटी से पाँव नहीं छुआते हमारे यहाँ." आपल्या या सीमेवरच्या गावात दोन भाषांच्या दोन रीती, आणि दोन्हीत पाय मागे. शेवटी मला डॉक्टरांनी मोबाइलवर दाखवलेलं ऑपरेशन आठवलं. तिथे बाईच्या छातीपाशी हिरवं कापड उभं केलेलं असतं. तिला पलीकडचं काही दिसत नाही. मी पलंगाला दोरी बांधून चादर लावली. बाईने अलीकडे पडायचं, पलीकडे कोण आहे ते विचारायचं नाही, आणि पलीकडच्याने, म्हणजे मीच, बोलायचं नाही.

पाय सैल पडले, भाऊजी. आकडा सरकला, सगळ्यांचा एकाच बाजूला. मी तो तुम्हाला फोनवर सांगितला आणि तुम्ही म्हणालात, "तो मोजणाऱ्याचा हात आहे. तुम्हाला सवय नाही, वहिनी."

मी फोन ठेवला. तुम्हीही परत केला नाहीत. स्वातीकडून कळायचं की पट्टी तयार झाली, तुमच्या आकड्याची खूण कोरून झाली, डॉक्टरांनी प्लास्टिकच्या हाडांवर चाचणी घ्यायला बोलावलं आहे. मी मनात म्हटलं, जाऊ दे. पुन्हा म्हटलं, कशी जाऊ देऊ? चिमटा छान होता. कोणत्याही घोट्यावर घट्ट बसत होता. पण चुकीच्या जागी घट्ट बसणारा चिमटा सैल चिमट्याहून वाईट, कारण त्यावर डॉक्टरांचा भरवसा बसतो. मी हे तुम्हाला सांगायचं ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं. येत्या रविवारी सौंसरला येणार होते.

त्याआधीच शुक्रवारी फोन आला.

तुम्हाला बाहेरच्या खोलीत खाली ठेवलं होतं, पांढरी चादर अंगावर. लोक येत होते, पायावर डोकं ठेवून बाजूला होत होते. मी वयाने आणि नात्याने मोठी, मला ते करायचं नव्हतं. मी पायथ्याशी नुसती बसले. रीतीप्रमाणे अंगठे बांधायचे अजून राहिले होते. आणि माझं लक्ष गेलं. तुमचे दोन्ही पाय बाहेरच्या अंगाला कलले होते. शीर कुठेच दिसत नव्हती. घोट्यापुढे नुसता खळगा होता, मऊ, जिथे तुमचा टेकू बसायला हवा तिथेच.

मी हात लावला. दोन बोटांनी, जशी पट्टी लावताना लावत होते तशी. कोणीतरी मागून म्हणालं, "वहिनी, थोरानं लहानाच्या पाया पडू नाही."

मी म्हटलं, "पाया नाही पडत आहे. बघून राहिले."

लोकांनी समजून घेतलं असेल की म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही. भाऊजी, ते तेव्हा कधी नव्हे इतकं ठिकाणावर होतं. जन्मभर एवढा माणूस माझ्यासमोर वाकला आणि मी प्रत्येक वेळी पाय आखडला. त्या दिवशी तुम्ही आखडला नाहीत. भांडणाचं उत्तर तुम्हीच दिलंत, आणि मी ते असं कधीच मागितलं नव्हतं.

तेरवीनंतर मी स्वातीकडे पट्टी मागितली. तिने फडक्यातून काढून दिली आणि म्हणाली, "मोठी आई, यात काहीतरी बिघडलं होतं वाटते. बाबांनी शेवटच्या दिवशी खूण घासून काढली. मी विचारलं तर म्हणाले, राहू दे, घाई नाही."

मी पट्टी खिडकीशी नेली. खालच्या टोकाला खुणेच्या जागी स्टील कोरं होतं, बोट फिरवलं तरी काही लागत नव्हतं. बारीक पॉलिश पेपरने घासलेलं, तुमच्या सवयीप्रमाणे कडा न झिजवता. हा तुमचा होकार होता की नुसती शंका, हे मला आता कोणी सांगणार नाही. रविवारी तुम्ही काय म्हणाला असता, तेही नाही. चुकलो, असं तर नक्कीच म्हणाला नसता. "वहिनी, तुमची ती चादर घेऊन या एकदा," इतकंच म्हणाला असता, आणि तेही चहाच्या कपात बघत.

म्हणून मी चादर घेऊन गेले. डॉक्टरांना स्वातीने कळवलं की चाचणी पुढे ढकला. ते म्हणाले, बाबांच्या आकड्याने देऊन टाका, नंतर सुधारता येईल. स्वाती माझ्याकडे बघत होती. तिला वडिलांची वस्तू वडिलांच्या आकड्याने जावी असं वाटत होतं, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. मी तिला म्हटलं, "ही वस्तू तुझ्या बाबांची नाही, ज्या बाईच्या पायाला लागेल तिची आहे. आणि बाबांचा आकडा बाबांनीच पुसला आहे." ती थोडं रडली. मग गाडीची चावी घेऊन आली.

रामाकोन्याच्या समाजमंदिरात आम्ही दोन खांबांना दोरी बांधली. बायकांनी तुमचं विचारलं, हळहळल्या, आणि मग चादर बघून त्यांच्या तोंडाला रंग चढला. "पडद्याच्या तिकडे कोण हाय जी?" "डॉक्टर हाय काय?" "माह्यी सासू तं नाही ना?" स्वाती अलीकडे बसून त्यांना बोलतं ठेवत होती, मी पलीकडे पट्टी घेऊन. तिथे मला एक शोध लागला, तो तुम्ही ऐकायला हवा होता. सुनेचा विषय निघाला की पाय ताठ व्हायचा. नातवाचा निघाला की सैल. मी चादरीखालून स्वातीला चिमटा काढायचे, ती लगेच विचारायची, "नातू काय करून राहिला आता?" आणि पाय हळूच बाहेरच्या अंगाला कलायचा, अगदी तुमच्यासारखा.

खात्रीसाठी प्रत्येक पाय आधी स्वातीने पलीकडे येऊन आणि मग जागा बदलून मी मोजला. एकाही आकड्यावर मी माझा एकटीचा हात ठेवला नाही. मोजणाऱ्याचा हात, असं पुन्हा कोणी म्हणायला नको.

शेवटी शेवंताबाई. तिचं मोजून झालं आणि वाऱ्याने म्हणा, तिच्या उत्सुकतेने म्हणा, चादर बाजूला झाली. तिने बघितलं, तिच्या पायापाशी मी. ती ताडकन उठली. "अवो बाप्पा! मास्तरीणबाई, तुमी? माह्या पोरींच्या मास्तरीणबाई? मी नरकात जाईन ना!"

मी म्हटलं, "शेवंताबाई, तुमचा पाय आता एका यंत्रात बसणार आहे. उद्या कोणाचा गुडघा सरळ बसला, तर त्यात तुमचा वाटा. नरकात जाणाऱ्यांना हे काम देत नाहीत."

ती परत सतरंजीवर टेकली. "म्हंजे भाऊजींनी पह्यले मोजला तो पाय चुकला होता काय जी?"

"भाऊजी चुकले नव्हते. तुमचा पाय खोटं बोलला होता."

"हाव ना," ती म्हणाली, "लाजंनं बोलते तो."

मुलांनो, तुम्ही विचारणार, आजीने आपला गुडघा कधी बदलला? माझे गुडघे ठणठणीत आहेत. तिगावच्या स्टेशनचा जिना मी अजून कठडा न धरता चढते. ही पट्टी माझ्यासाठी नाही, आणि पुढच्या चाचण्यांत ती नापासही होऊ शकते. प्लास्टिकची हाडं, मग डॉक्टरांचे नियम, परवानग्या, मग कुठे माणूस. वर्षं जातील. मी असेन-नसेन. स्वाती आहे. पाय कसा मोजायचा ते आता तिला माहीत आहे, आणि चादर तिच्या गाडीत ठेवली आहे.

काल सकाळी आम्ही बोरगावला गेलो. तुमच्या शॉपमध्ये तुमचा ॲप्रन खिळ्यावर तसाच आहे. तो मी आवरला नाही, नोंद घ्या. स्वातीने पट्टी पकडीत घट्ट केली, आकडा परत एकदा माझ्याकडून वाचून घेतला, मग स्वतः मला वाचून दाखवला. तुमच्या जुन्या खुणेपासून नवी खूण फार दूर नव्हती. नखाच्या जाडीपेक्षा थोडी जास्त. एवढ्यासाठी आपण बोलणं सोडलं होतं, भाऊजी. आणि एवढ्यानेच सुमनची काठी माळ्यावरून खाली आली होती.

वीज अधूनमधून डोळे मिटत होती. स्वातीने माझ्या हातात टॉर्च दिला आणि उजेड नेमका कुठे पाडायचा ते दाखवलं. मग तिने कोरायची सुई स्टीलवर टेकवली. उजेड खुणेवरून थोडा सरकला असावा, कारण तिने मान वर न करता, तुमच्याच त्या कोरड्या आवाजात म्हटलं,

"हलू नको, मोठी आई."

मी हलले नाही.